प्रतिजैविकाचा पहिला डोस आणि वैशाखऱ्याची वाट

पावसाळ्यात माळशेज घाटाकडे धावणाऱ्या मुंबई-ठाण्याच्या मोटारी सहसा वैशाखऱ्याला थांबत नाहीत. कल्याण-नगर महामार्गावर टोकावडे मागे पडले की हे गाव लागते आणि पाहता पाहता मागेही पडते. नाणेघाट चढून जुन्नरकडे जाणाऱ्या गिर्यारोहकांना मात्र ते चांगले ठाऊक असते. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल ज्या वाटेने घाटावर जात असे, त्या वाटेच्या पायथ्याचा हा मुलूख. महामार्गाने कल्याण येथून दीड-दोन तासांवर आहे. परंतु महामार्ग सोडून डोंगराच्या अंगाला असलेल्या ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळ्यांच्या पाड्यांकडे वळले की अंतर मोजण्याचे मापच बदलते. शेजारच्या शहापूर तालुक्याचीही तीच कथा. तानसा आणि भातसा या जलाशयांतून मुंबईची तहान भागवणाऱ्या त्या तालुक्यातल्या अनेक पाड्यांवरून आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात आणि विरूनही जातात.

अशा एखाद्या पाड्यावर आठ महिन्यांच्या मुलाला दोन दिवस खोकला आहे, अंगात ताप आहे आणि संध्याकाळी त्याचा श्वास जलद चालू लागला, असे समजू. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बालकाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल, तर तो न्यूमोनिया समजून उपचार करावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. दोन महिन्यांहून लहान अर्भकासाठी हा आकडा साठ, तर एक ते पाच वर्षांच्या मुलासाठी चाळीस. फुफ्फुसातील वायुकोश सूज व स्रावाने भरू लागले की शरीर प्राणवायूची उणीव श्वासाचा वेग वाढवून भरून काढू पाहते. काही वेळाने तेही पुरेनासे होते आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागतो. कुपोषित बालकात या दोन अवस्थांमधला अवकाश काही तासांचाच असू शकतो. रात्र पडलेली, ओढ्याला पाणी आलेले आणि वाहन महामार्गावर. आजार बरा होणारा आहे, औषध स्वस्त आहे. प्रश्न आहे तो या काही तासांचा.

गेल्या काही काळात फुफ्फुसाच्या जंतुसंसर्गावरील औषधांची चर्चा शहरांत झाली ती एका वेगळ्याच निमित्ताने. २० नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते 'नॅफिथ्रोमायसिन' या प्रतिजैविकाचे अनावरण झाले. मुंबईत मुख्यालय असलेल्या वोक्हार्ट कंपनीने केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने विकसित केलेले हे औषध देशातले पहिले स्वदेशी प्रतिजैविक म्हणून गौरवले गेले. दिवसातून एकदा, असे केवळ तीन दिवस घ्यायचे हे औषध समाजात होणाऱ्या, म्हणजे रुग्णालयाबाहेर जडणाऱ्या, जिवाणूजन्य न्यूमोनियासाठी आहे. अॅझिथ्रोमायसिनपेक्षा ते दहापट प्रभावी असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. असल्या 'पटीं'कडे थोडे सावधपणे पाहावे हे बरे. पण या तुलनेसाठी अॅझिथ्रोमायसिनच का निवडले गेले, ते समजून घेण्यासारखे आहे.

शहरी वाचकाला त्याचे उत्तर स्वतःच्या घरातल्या औषधांच्या डब्यात सापडेल. सर्दी, घसा, खोकला, साधा ताप, यांपैकी कशासाठीही पाचशे मिलिग्रॅमच्या अॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या तीन किंवा पाच दिवस घेण्याची सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे की, त्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीचीही गरज अनेकांना वाटत नाही. भारतातील खासगी औषधविक्रीच्या २०१९ च्या आकडेवारीवर आधारित एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक खपाचे प्रतिजैविक ठरले ते हेच, पाचशे मिलिग्रॅमचे अॅझिथ्रोमायसिन. एकूण खपापैकी ४७ टक्के औषधे अशा संयुगांची होती, ज्यांना केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता नव्हती. सर्दी ही विषाणूंची. तिच्यावर ही गोळी चालत नाही. घशात आणि नाकात मुक्कामाला असलेल्या न्यूमोकोकससारख्या जिवाणूंना मात्र ती तालीम देत राहते. हीच तालीम घेतलेला जिवाणू पुढे कधीतरी फुफ्फुसात उतरतो, तेव्हा गोळी निष्प्रभ ठरलेली असते. नॅफिथ्रोमायसिन हे अॅझिथ्रोमायसिनच्याच विस्तृत कुळातले, पण अशा सरावलेल्या जिवाणूंवरही चालावे म्हणून घडवलेले औषध आहे. दीड दशकाच्या आसपास चाललेले हे संशोधन अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. मात्र ज्या रोगजंतूंसाठी ते करावे लागले, त्यांतले बरेचसे आपण स्वतःच पोसलेले आहेत.

शिवाय हे औषध प्रौढांसाठी आहे. वैशाखऱ्याच्या परिसरातल्या त्या आठ महिन्यांच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. त्याला हवे आहे ते अॅमॉक्सिसिलिन. पेनिसिलिनच्या घराण्यातले, १९७० च्या दशकापासून जगभर वापरात असलेले, पाण्यात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपात काही रुपयांत मिळणारे औषध. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. छाती आत ओढली जात असली तरी मूल दूध पीत असेल, शुद्धीवर असेल आणि धोक्याची अन्य लक्षणे नसतील, तर इंजेक्शनावाचून तोंडाने दिलेले अॅमॉक्सिसिलिन पुरते, हे तिने मान्य केले. म्हणजे ज्यासाठी पूर्वी रुग्णालयात दाखल करणे अनिवार्य मानले जाई, त्यातला मोठा भाग आता घरी, चमच्यात विरघळवलेल्या गोळीने बरा होऊ शकतो. जगात पाच वर्षांखालील सात लाखांहून अधिक बालके दरवर्षी न्यूमोनियाने दगावतात, ती औषध सापडलेले नाही म्हणून नव्हे.

हे अंतर कसे कापता येते, याचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला, आणि तो मुंबई-पुण्याच्या रुग्णालयात नव्हे तर गडचिरोलीच्या जंगलात झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था तेथे उभी केली. बालमृत्यूंची नोंद करता करता त्यांच्या ध्यानात आले की, मृत्यूंच्या कारणांमध्ये न्यूमोनियाचा वाटा फार मोठा आहे. दवाखाने दूर, डॉक्टर असलेच तर तालुक्याच्या ठिकाणी. मग जो माणूस गावात आहे त्यालाच औषध का देऊ नये, असा प्रश्न त्यांनी विचारला. गावात होते आरोग्यदूत आणि होत्या निरक्षर सुईणी. या सुईणींना पन्नास किंवा साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मण्यांचे एक साधे श्वासमापक यंत्र तयार करण्यात आले: एक मिनिटाची वाळूची घडी उलटी करायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा; वाळू संपण्याआधी ठराविक मणी सरकले तर श्वास जलद. अंकगणिताची अट काढून टाकताच निदानाची अटही सुटली. फुफ्फुसाला स्टेथोस्कोप न लावता, क्ष-किरण चित्र न काढता केलेले हे निदान अर्थातच ढोबळ होते. पण मूल वाचवण्याइतके नेमके होते.

५८ गावांत हा उपचार देण्यात आला आणि ४४ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. औषध होते को-ट्रायमॉक्सॅझोल, त्या काळचे सर्वांत स्वस्त. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचाराच्या गावांत न्यूमोनियाने होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण हजारी ८.१ होते, तर तुलनेच्या गावांत १७.५. ज्या ६१२ आजारांत औषध दिले गेले त्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ होते; तुलनेच्या गावांत ते १३.५ होते. औषधाचा खर्च प्रत्येक वाचलेल्या बालकामागे तीन डॉलरहून कमी आला. पुढे याच जिल्ह्यात 'सर्च'ने नवजात अर्भकांकडे लक्ष वळवले. तेथे प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरातल्या घरात जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शनही दिले, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २००१ मध्ये राज्यातील बालमृत्यूंविषयीच्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत जी खळबळ उडवली, तिच्यामागे गडचिरोलीतल्या या काटेकोर नोंदीची शिस्त होती.

या प्रयोगाचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्याच्या यशापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' कार्यकर्ती आली. २०११ पासून नवजात बालकांच्या घरी भेटी देण्याचे काम तिच्याकडे सोपवण्यात आले. कल्पना गडचिरोलीची होती. पण इंजेक्शनची सुई मात्र तिच्या हाती दिली गेली नाही. २०१४ मध्ये केंद्राने विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा दिली ती परिचारिकेला, म्हणजे उपकेंद्रावरील एएनएमला. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'सांस' ही न्यूमोनियाविरोधी मोहीम सुरू केली. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू २०२५ पर्यंत हजार जिवंत जन्मांमागे तीनच्या खाली आणणे, हे तिचे उद्दिष्ट होते. तिच्यात आशा कार्यकर्तीला अॅमॉक्सिसिलिन देता येईल, असे ठरले. परंतु ते रुग्णालयात पाठवण्यापूर्वीचा पहिला डोस म्हणून. उरलेला उपचार एएनएम आणि डॉक्टर यांच्याकडे. तीस वर्षांपूर्वी निरक्षर सुईण जे पूर्ण करीत होती, ते दहावी शिकलेल्या आशाने सुरू करून सोडून द्यायचे, अशी ही विभागणी आहे.

यामागे केवळ नोकरशाहीचा संकोच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आक्षेप गंभीर आहे. प्रतिजैविक डॉक्टरांच्या हाती असतानाही त्याचा गैरवापर होतो. ते गावोगाव वाटले तर प्रतिरोधाचे संकट आणखी वाढणार नाही काय? जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट घडल्याचा अंदाज आहे आणि त्यांत श्वसनमार्गाच्या संसर्गाचा वाटा सर्वांत मोठा आहे. जलद श्वासाचा निकष ढोबळ असल्याने विषाणूजन्य आजाराचीही अनेक मुले त्यात गणली जातात. पाकिस्तानात कराचीच्या वस्त्यांमध्ये झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हे आकड्यांत दाखवले. केवळ जलद श्वास असलेल्या चार हजारांहून अधिक मुलांपैकी अॅमॉक्सिसिलिन मिळालेल्यांत उपचार फसण्याचे प्रमाण २.६ टक्के होते, तर नुसती खोटी गोळी मिळालेल्यांत ४.९ टक्के. म्हणजे एका मुलाला लाभ व्हावा म्हणून चाळीसहून अधिक मुलांना औषध द्यावे लागते.

हा आकडा कोणत्या बाजूने वाचायचा, हे मूल कोठे राहते यावर ठरते. डोंबिवलीतल्या मुलाचा श्वास सायंकाळी जलद वाटला तर त्याला औषधावाचून रात्रभर निगराणीखाली ठेवता येते. बिघडले तर रिक्षाने वीस मिनिटांत रुग्णालय गाठता येते. तेथे थांबून पाहणे हाच शहाणपणा. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर थांबून पाहण्याची किंमत वेगळी आहे. तेथील मूल बहुधा कमी वजनाचे जन्मलेले, चुलीच्या धुरात वाढलेले. आणि बिघडले तर पाड्यावरून रस्ता, रस्त्यावरून मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, आणि तेथून बहुधा उल्हासनगर वा ठाणे. या साखळीतली प्रत्येक कडी काही तास खाते. शिवाय औषध न दिल्याने तेथे प्रतिजैविकांचा वापर टळतो, हेही खरे नाही. आशाकडे गोळी नसली की मूल बाजाराच्या दिवशी गावात बसणाऱ्या, पदवीचा पत्ता नसलेल्या 'डॉक्टर'कडे जाते. तो सुईही टोचतो, सलाईनही लावतो आणि प्रतिजैविकही देतो. फक्त कोणते दिले आणि किती दिवस द्यायचे, हे कोठे लिहिलेले नसते. नाहीतर घरचे उपाय सुरू होतात. गावाकडे 'डबा' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजारात मुलाच्या पोटावर डाग देण्याची चाल पूर्वी राज्याच्या अनेक भागांत होती. मेळघाटातून तशा घटनांच्या बातम्या अगदी अलीकडेही आल्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांची जी वर्गवारी केली आहे तीत अॅमॉक्सिसिलिन पहिल्या, सर्वांना सहज मिळावे अशा गटात आहे. अॅझिथ्रोमायसिन दुसऱ्या, ज्यावर नजर ठेवावी अशा गटात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत झालेल्या जाहीरनाम्यात, २०३० पर्यंत जगातील मानवी प्रतिजैविक-वापरापैकी किमान ७० टक्के वापर पहिल्या गटातला असावा, असे लक्ष्य ठरले. तेव्हा प्रतिरोधाला आवर घालायचा म्हणून शहरातल्या दुकानातून दुसऱ्या गटाची गोळी मुक्तपणे विकू द्यायची आणि पाड्यावरच्या आशाकडून पहिल्या गटाची गोळी रोखायची, हा उलटा न्याय झाला. तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिनसारख्या औषधांसाठी विक्रेत्याने स्वतंत्र नोंदवही ठेवावी, असा 'एच-१' अनुसूचीचा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे. ही नोंदवही किती दुकानांत किती प्रामाणिकपणे भरली जाते, हे ग्राहकाने स्वतः आठवून पाहावे.

आशाच्या पिशवीत गोळी ठेवली म्हणजे सारे झाले, असेही नाही. गडचिरोलीत गोळीबरोबर प्रशिक्षण होते, वारंवार येणारा पर्यवेक्षक होता, प्रत्येक आजाराची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद होती, आणि गोळ्या संपल्या तर आणून देणारे कोणी होते. राज्यात आशा कार्यकर्त्यांना मानधनासाठी वेळोवेळी आझाद मैदान गाठावे लागते. त्यांच्या कामाच्या यादीत दरवर्षी नव्या सर्वेक्षणाची भर पडते. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर करोनाच्या साथीत घरोघर पोहोचला. अॅमॉक्सिसिलिनबरोबर तो आशाच्या हाती आला, तर कोणते मूल घरी बरे होईल आणि कोणते तातडीने हलवायला हवे, हे मण्यांपेक्षा अधिक नेमकेपणाने कळेल. मात्र मोठ्यांच्या बोटाचे यंत्र अर्भकाच्या पायाला बसत नाही. बालकांसाठीचे वेगळे लागते. साहित्य खरेदी करताना असले बारकावे हमखास निसटतात.

त्याहून मोठा बारकावा ऋतूचा आहे. मुरबाड आणि शहापूरमधली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर पाडे सोडतात आणि भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. न्यूमोनियाचा हंगाम मात्र थंडीतही असतोच. भट्टीची धूळ, उघड्यावरची झोपडी, रात्रीचा गारठा, आणि ज्या आशाच्या वहीत मुलाचे नाव आहे ती तीस-चाळीस मैलांवर. भट्टी ज्या गावाच्या हद्दीत आहे तिथल्या आशाच्या वहीत हे मूल नसते, कारण ते तिथले नसते.

न्यूमोकोकसविरोधी लस केंद्राने २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सार्वत्रिक लसीकरणात आणली, आणि २०२१ मध्ये ती महाराष्ट्रासह देशभर मोफत मिळू लागली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये स्वतःची स्वस्त लस बाजारात आणल्याने हे सुलभ झाले. लस घेतलेल्या मुलाला प्रतिजैविकाची गरजच कमी पडते, म्हणून प्रतिरोधावरचाही तो सर्वांत सरळ उपाय. तिच्या तीन मात्रा आहेत: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. जुलैमध्ये पाड्यावर जन्मलेल्या कातकरी मुलाला पहिली मात्रा ऑगस्टअखेर मिळते, दुसरी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, कुटुंब निघण्याच्या बेतात असताना. तिसरीची तारीख येते एप्रिलमध्ये. तेव्हा पाडा रिकामा असतो, आणि मूल भिवंडीजवळच्या एखाद्या भट्टीवर, कोणत्याही वहीत नाव नसलेले.